वाचनगट बांधा, पण मोडायच्या तयारीनं

घाटकोपरच्या शाळांतले शिक्षक आणि पालक भेटले की दोन प्रश्न हमखास येतात. शिक्षक म्हणतात, "चाचण्या घेतो, स्तर लिहितो, माहिती ऑनलाइन भरतो. गटही केलेत. पण जूनमध्ये केलेले गट मार्चमध्येही तेच असतात." पालक म्हणतात, "प्रगतिपुस्तक चांगलं आहे, पण मुलाला बसवरची पाटी वाचता येत नाही. हे कसं?"

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तपासणं एकीकडे चालतं आणि शिकवणं दुसरीकडे. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी वहीत जातात, तिथून अहवालात जातात, आणि दुसऱ्या दिवशीची तासिका मात्र आदल्या दिवशीच्याच धड्यावर पुढं सरकते. म्हणून या लेखात एकच कसोटी धरली आहे: आज केलेल्या नोंदीमुळं उद्याच्या वीस मिनिटांत काही बदलणार असेल तरच ती नोंद करा.

हे मार्गदर्शन पहिली ते पाचवीच्या मराठी वाचनापुरतं आहे. भटवाडी, असल्फा, चिराग नगर, पंतनगर, रमाबाई आंबेडकर नगर या भागांतल्या वर्गात मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती, तमिळ अशा निरनिराळ्या घरांतली मुलं एकाच बाकावर बसतात, हे लक्षात ठेवूनच पुढचं लिहिलं आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळं इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात मराठी शिकवणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल.

मुंबईच्या शाळांत आधी काय झालं आहे

लहान गटानं फरक पडतो का, याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. 'प्रथम' संस्थेनं मुंबई महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' उपक्रम चालवला. वस्तीतली शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच दोनेक तास वेगळं घेऊन बसायची आणि त्यांना जे येत नव्हतं तिथून सुरुवात करायची. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. गणितात तो भाषेपेक्षा अधिक दिसला, हेही त्यात नोंदलेलं आहे.

तुमच्याकडं बालसखी नसेल. मग हेच काम तुम्हाला एकट्यानं, त्याच खोलीत, बाकीची मुलं समोर असताना करायचं आहे. ते जमतं, पण त्यासाठी वेळेचा हिशेब आधी मांडावा लागतो.

पहिला आठवडा: प्रत्येक मूल एकदा ऐका

'असर' या शिक्षणविषयक पाहणीतलं वाचनसाधन बहुतेक शिक्षकांनी पाहिलेलं असतं. ही पाहणी ग्रामीण भागाची असते, घाटकोपर तिच्यात येत नाही. साधन मात्र शहरातही तितकंच चालतं. एका पानावर अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि थोडी मोठी गोष्ट. क्रम असा ठेवा:

- सुरुवात परिच्छेदापासून करा. मूल वाक्य म्हणून वाचत असेल आणि तीनपेक्षा जास्त चुका होत नसतील, तर गोष्ट द्या.
- परिच्छेद जमला नाही तर शब्द द्या. कोणत्याही पाच शब्दांपैकी चार बरोबर आले की मूल शब्दस्तरावर आहे.
- शब्दही अडले तर अक्षरं. तिथंही पाचांपैकी चार.
- गोष्ट वाचून झाल्यावर दोन साधे प्रश्न विचारा. एकाचं उत्तर गोष्टीत थेट असावं, दुसऱ्यासाठी थोडा विचार करावा लागावा.

एका मुलाला सरासरी चार मिनिटं लागतात. चौतीसच्या पटाला साधारण सव्वादोन तास. रोज अर्धा तास काढला तर सोमवार ते शुक्रवारात सगळा वर्ग होतो. त्या अर्ध्या तासात बाकीच्यांना चित्र काढून खाली एक ओळ लिहायला द्या. ती ओळसुद्धा पुढं उपयोगी पडते.

मुलाला बाजूला, दाराजवळ किंवा व्हरांड्यात घ्या. सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचून घेतलं तर तुम्हाला त्याचं वाचन कळत नाही, भीती कळते.

पाठ्यपुस्तकातला धडा वापरू नका. 'बालभारती'चा धडा दहादा ऐकलेलं मूल तो तोंडपाठ म्हणून दाखवतं, बोट भलत्याच शब्दावर असतं. शंका आली तर ओळीच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवून "हा कोणता?" एवढंच विचारा. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मोफत मिळतात. मुलांनी न ऐकलेली एखादी तिथून घ्या.

स्तर कळला, आता चूक ऐका

बहुतेक शाळांत काम इथंच थांबतं. 'शब्दस्तर: ११ मुलं' असं लिहिलं जातं आणि अकरा जणांचा गट होतो. पण शब्दस्तरावरचं एक मूल वेलांटीला अडतं, दुसऱ्याला प्रत्येक अक्षर येतं तरी ती जोडता येत नाहीत, तिसऱ्याला चष्मा हवा असतो. तिघांना एकत्र बसवून एकच तक्ता वाचून घेतला तर तिघांचाही वेळ जातो. मूल कुठं आहे ते स्तरावरून कळतं. पुढं काय शिकवायचं ते त्याच्या चुकीवरूनच कळतं.

मराठी वाचताना मुलं जिथं अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत. ऐकताना या डोक्यात ठेवा:

- सारखी दिसणारी अक्षरं. घ-ध, भ-म, ब-व, प-ष. 'ख' ला 'रव' वाचणं. उपाय: एका वेळी एकच जोडी, आणि तीही शब्दांत. 'घर-धर', 'भात-मात' अशा जोड्या लावा.
- स्वरचिन्हं. काना बहुतेकांना येतो. गाडी अडते ती पहिल्या वेलांटीवर, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. मग मात्रा आणि दोन मात्रा यांतली गल्लत. हे मूल अख्खी बाराखडी धडाधड म्हणून दाखवतं, पण 'किती' सुटा समोर आला की थांबतं. त्याला बाराखडी पुन्हा म्हणायला लावू नका. त्याला ओळखीची चार-पाच अक्षरं आणि एकच चिन्ह असलेले शब्द द्या.
- अक्षरं येतात, शब्द होत नाही. 'क… म… ळ' वाचून मूल थांबतं आणि तुमच्याकडं बघतं. आपण 'कमळ' म्हणताना शेवटचा 'ळ' पूर्ण उच्चारत नाही. 'करवत' म्हणताना तर मधला 'र'ही अर्धा होतो. लिहिलेलं आणि बोललेलं यातलं हे अंतर मुलाला कुणी दाखवलेलं नसतं. उपाय तोंडी आहे: तुम्ही सुटी अक्षरं म्हणा, मुलानं शब्द ओळखायचा. आधी पुस्तक बंद, मग उघडं.
- जोडाक्षरं आणि 'र'ची रूपं. 'सूर्य', 'प्रकाश', 'राष्ट्र', 'सुऱ्या'. एकच 'र' वर, खाली आणि मध्ये येतो. यातलं एक रूप एका आठवड्याला पुरतं.
- लांबलेले शब्द. 'झाड' येतं, 'झाडाखालच्या' येत नाही. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळं तिसरीच्या पुस्तकात असे शब्द ओळीओळीला येतात. मूळ शब्दावर बोट ठेवून बाकीचा झाका, मग उघडा. 'झाड, झाडा, झाडाखाली, झाडाखालच्या' अशी चढती शिडी फळ्यावर लिहा.
- वाचतं, पण कळत नाही. सर्वांत जास्त निसटतात ती हीच मुलं, कारण त्यांचं वाचन कानाला छान लागतं. घरी मराठी नसलेली पुष्कळ मुलं इथं सापडतील. त्यांना उच्चाराचा सराव नको आहे. त्यांना शब्द, गप्पा आणि प्रश्न हवे आहेत.

आता एक महत्त्वाचा फरक. उत्तर भारतीय घरातलं मूल 'शाळा'ला 'शाला' म्हणतं, आणि मराठी घरांतलीही कितीतरी मुलं 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. शब्द ओळखला असेल आणि अर्थ माहीत असेल, तर ही वाचनाची चूक धरू नका. ती बोली आहे. तिच्यावर लाल खूण केली तर चांगलं वाचणारं मूल खालच्या गटात जाऊन बसतं. मुलानं स्वतः चूक सुधारली तर तीही चूक मोजू नका. तो त्या मुलाच्या वाचनातला सर्वांत आशादायक क्षण असतो, त्याची वेगळी खूण करा.

मिनिटाला किती शब्द?

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असं लक्ष्य आहे. पालकांनी हे कुठंतरी ऐकलेलं असतं आणि मग घरी मोबाइलवर वेळ लावली जाते.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. हिंदीत 'घर में' हे दोन शब्द मोजले जातात, मराठीत 'घरात' हा एक. म्हणजे साठ मराठी शब्द वाचताना मूल हिंदीतल्या साठांपेक्षा जास्त मजकूर वाचत असतं. म्हणूनच २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन पाहणीत प्रत्येक भाषेचे निकष वेगळे ठरवले गेले. दुसरी गोष्ट, त्याच वाक्यातला 'अर्थासह' हा शब्द घड्याळ लावताना गळून पडतो. वेग सत्रातून एकदा बघा. रोज घड्याळ लावलं तर मूल घाईनं अंदाजपंचे वाचायला शिकतं.

एखादं पुस्तक त्या मुलाला योग्य आहे का, हे ठरवायला वेगापेक्षा अचूकता कामाची. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेला अंदाज जगभर वापरला जातो. पन्नास शब्दांच्या उताऱ्याला तो असा लागू करता येईल: दोनपर्यंत चुका झाल्या तर मूल ते पुस्तक एकट्यानं वाचू शकतं, तीन ते पाच झाल्या तर तुमच्यासोबत गटात वाचायला ते योग्य, त्याहून जास्त झाल्या तर आज ते पुस्तक बाजूला ठेवा.

गट आणि आठवडा

समजा, तुमच्या तिसरीच्या वर्गात चौतीस मुलं आहेत आणि ऐकून झाल्यावर चित्र असं दिसलं: पाच जणांना अक्षरं आणि चिन्हंच पक्की नाहीत, आठ जणांना अक्षरं जोडता येत नाहीत, तेरा जण जोडाक्षरं आणि लांब शब्दांना अडतात, आठ जण वाचतात पण अर्थात कच्चे आहेत. एका वेळी पाच ते आठ मुलं हाताळता येतात, म्हणून तेरांचे दोन भाग करा.

रोज चाळीस मिनिटं काढा, म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका. आठवड्याला दहा बैठका होतात. त्या सगळ्यांना सारख्या वाटू नका. ज्याला जास्त गरज, त्याला जास्त बैठका:

- सोमवार: अक्षर गट, जोडणीचा गट
- मंगळवार: अक्षर गट, जोडाक्षरांचा पहिला भाग
- बुधवार: जोडणीचा गट, जोडाक्षरांचा दुसरा भाग
- गुरुवार: अक्षर गट, अर्थाचा गट
- शुक्रवार: अक्षर गट, जोडणीचा गट

प्रत्येक बैठकीत दोनच मुलांचं वाचन एकेकटं, नीट ऐका. मग अक्षर गटातलं प्रत्येक मूल आठवड्यात किमान एकदा ऐकलं जातं, आणि सर्वांत पुढच्या गटातलंही महिन्याभरात एकदा. वेगळा 'चाचणीचा दिवस' लागत नाही.

चाळीस मिनिटं निघत नसतील तर वीसच काढा आणि पहिल्या दोन गटांपासून सुरू करा. रोजची वीस मिनिटं शनिवारच्या दोन तासांपेक्षा जास्त काम करतात.

त्या वीस मिनिटांत काय करायचं

पहिली तीन-चार मिनिटं मागच्या बैठकीतलं, मुलांना येणारंच वाचू द्या. मग नवी गोष्ट एकच: एक चिन्ह, एक जोडाक्षर किंवा एक प्रकारचा शब्द. सहाएक मिनिटं. त्यानंतर ती गोष्ट ज्यात येते असा छोटा मजकूर. तो सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा नाही. प्रत्येकानं आपापल्या गतीनं, हलक्या आवाजात वाचायचा. तेव्हाच तुम्ही दोघांजवळ वाकून ऐका. शेवटी मजकुरावर दोन मिनिटं गप्पा.

अक्षर गटासाठी सगळी मुळाक्षरं संपायची वाट पाहू नका. 'क, म, ल, र' आणि काना एवढ्यावर 'काका', 'मामा', 'माल', 'मका', 'काम कर' इतकं वाचता येतं. लहान अक्षरगट आणि त्यातून लगेच अर्थपूर्ण शब्द, ही वाट फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांच्या कामानं महाराष्ट्राला नीट दाखवली. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' संस्थाही याच दिशेनं काम करते. मूल दुसऱ्याच आठवड्यात 'वाचतं', आणि वाचलं की शाळेत येतं.

मात्र या गटाला फक्त अक्षरंच देऊ नका. रोज त्यांनाही एक गोष्ट वाचून दाखवा, चित्रं दाखवा, पुढं काय होईल ते विचारा. पुष्कळ वर्गांत पुढच्या गटाला गोष्टी मिळतात आणि मागच्यांना तक्ते. मग मागच्या मुलांना वाचन कशासाठी असतं हेच कळत नाही. हा मला गटपद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

बाकीची अठ्ठावीस मुलं काय करतील?

खरी अडचण ही आहे. महापालिकेच्या खोलीत बाकं हलत नाहीत, शेजारच्या वर्गाचा आवाज येतो, खालच्या मजल्यावर प्रार्थना चालू असते. पहिले दोन आठवडे गट घेऊच नका. मुलांना एकट्यानं काम करायची सवय लावण्यात ते घालवा. तीनच कामं ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा:

- जोडीवाचन. दोघांत एक पुस्तक, एक पान याचं, एक पान त्याचं. जोडी साधारण सारख्या वाचणाऱ्यांची असावी. हुशार मुलाला 'मास्तर' करून मागच्याजवळ बसवलं तर तो सांगत सुटतो आणि मागचा ऐकत बसतो.
- शब्दपेटी. आपल्या गटाचे शब्द पट्ट्यांवर लिहून डब्यात. काढायचा, वाचायचा, त्यावर वहीत वाक्य लिहायचं.
- वाचनकोपरा. दोरीला लटकवलेली पंधरा-वीस पातळ पुस्तकं पुरतात. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांना 'बालभारती'च्या 'किशोर' मासिकाचे अंक द्या.

एक नियम मुलांना स्वच्छ सांगा: बाई किंवा सर गटात असताना कुणाला रक्त आलं किंवा उलटी झाली तरच उठवायचं. बाकी सगळं वीस मिनिटं थांबू शकतं.

वही: एका मुलाला एक ओळ

स्वतंत्र रजिस्टर, प्रत्येक मुलाला एक पान. बैठकीनंतर लगेच एक ओळ लिहा. तारीख, काय वाचलं, कुठं अडलं, पुढं काय. उदाहरणार्थ: '१२/८, माकडाची गोष्ट, ५० पैकी ४ चुका, तीन पहिल्या वेलांट्या + 'प्र', अर्थ सांगितला. पुढं: वेलांटीचे शब्द.'

'प्रगती समाधानकारक', 'सरावाची गरज' असल्या ओळी या वहीत नकोत. त्या वाचून दुसऱ्या शिक्षकाला काय करायचं ते कळत नाही. वर्णनात्मक नोंदी मात्र याच वहीतून उचला. विभाग निरीक्षक आले तर हीच वही दाखवा. तिच्यात फॉर्मपेक्षा जास्त माहिती असते.

घाटकोपरच्या शाळांत या वहीचा आणखी एक उपयोग आहे. गणपतीला कोकणात, छठला किंवा लग्नसराईत उत्तरेकडं गेलेलं मूल तीन आठवड्यांनी परत येतं. गट तोवर पुढं गेलेला असतो. वही उघडून त्याला एकदा ऐका आणि जिथं सुटलं तिथून धरा. त्याला गटाच्या आजच्या जागी ढकलू नका.

गट कधी मोडायचा

तीन आठवड्यांनी वही घेऊन बसा. वेगवेगळ्या तीन दिवशी मुलाची तीच अडचण आली नसेल तर त्याला पुढच्या गटात न्या. एकदा चांगलं वाचलं म्हणून नेऊ नका, एकदा अडलं म्हणून मागंही आणू नका. तीन आठवड्यांत एकही मूल हललं नाही तर मुलांना दोष देण्याआधी शिकवण्याचा मार्ग बदला. तेच तक्ते चौथ्या आठवड्यात चालवू नका.

काही गट आठ दिवसांपुरतेच करा. वेगवेगळ्या गटांतली सहा मुलं रफाराला अडतात असं दिसलं, तर त्यांना चार दिवस एकत्र घ्या, शिकवा आणि परत पाठवा. असे तात्पुरते गट होऊ लागले की 'मी कुठल्या गटातला' हा प्रश्न मुलांच्या डोक्यातूनही हळूहळू जातो. गटांना फुलांची नावं दिली तरी गुलाब कोण आणि झेंडू कोण हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून नावं नकोत, वारानुसार मुलांची नावं पुकारा.

पालकांनो, तुम्ही काय विचारू शकता

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या विषयापुरतं त्यातलं एवढं माहीत असू द्या:

- प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्य आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हेही त्याच कलमात येतं.
- मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष हवं, आणि मूल भीतीपासून मुक्त हवं, असं कलम २९ सांगतं. वाचता येत नाही म्हणून मारणं किंवा मानसिक छळ करणं याला कलम १७ नं बंदी आहे.
- शाळेतल्या शिक्षकानं खासगी शिकवणी घेण्यास कलम २८ नं मनाई आहे. "माझ्या क्लासला पाठवा" असं कुणी म्हणालं तर हे कलम सांगा.
- महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वर्गासाठी गोष्टीची पुस्तकं हवीत, ही मागणी तिथं मांडा.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा मिळते. तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. म्हणून वाचनाची चौकशी तिसरीतच करा.

पालकसभेत "कसा आहे अभ्यासात?" असं विचारू नका. "तो कुठं अडतो? या महिन्यात त्याला काय शिकवताय? घरी काय करू?" हे तीन प्रश्न विचारा. तुम्हाला मराठी वाचता येत नसेल तरी रोज दहा मिनिटं मुलाशेजारी बसा, त्याला वाचू द्या आणि तुमच्या भाषेत विचारा, गोष्टीत काय झालं. अर्थ कळला की नाही हे हिंदीत किंवा गुजरातीत सांगितलं तरी कळतं.

तरीही मूल हलत नसेल तर

दोन-तीन महिने नियमित, बदलत्या पद्धतीनं शिकवूनही तिसरीतलं मूल अक्षरावरच असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. घाटकोपर पूर्वेला महापालिकेचं राजावाडी रुग्णालय आहे. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचा विचार करा. मुंबईत ती सायनचं लोकमान्य टिळक, नायर आणि केईएम या महापालिका रुग्णालयांत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. तुमची वाचनवही तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांना वर्षभराच्या नोंदी क्वचितच मिळतात.

मात्र शिक्षकानं किंवा शेजाऱ्यानं स्वतःच निदान करू नये. पुष्कळ मुलांना कुणी नीट शिकवलेलंच नसतं. दोन वर्षांत तीन शाळा बदललेलं मूल आणि अध्ययन अक्षमता असलेलं मूल पहिल्या दिवशी सारखंच वाचतं.

शेवटची विनंती शिक्षकांना. एप्रिलअखेर ही वही कपाटात ठेवू नका. बदली झाली असेल किंवा वर्ग बदलणार असेल, तर पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या आणि प्रत्येक मुलाची शेवटची ओळ त्यांच्यासोबत बसून वाचा. जूनमध्ये शाळा उघडली की त्यांनी पहिला गट त्याच ओळींवरून बांधावा.